विंकलरसाहेबांचं बिनमालकाचं जाळं

शहराकडेला छोट्या बागा कसणाऱ्यांच्या, लायप्झिगमधल्या ‘पहाटदव’ बागमंडळाचं पान एका शनिवारी सकाळी इंटरनेटवरून साफ नाहीसं झालं. ही बातमी फोनवर आली तेव्हा फोल्कमार विंकलरची दाढी अर्धीच झाली होती. उरलेली अर्धी त्याने त्या दिवशी केलीच नाही. एक गाल चकचकीत आणि एक खरखरीत अशा अवस्थेत तो सायकल हाणत बागांकडे निघाला. धक्का तर बसला होताच, पण खोटं कशाला बोला, आतून थोड्या उकळ्याही फुटत होत्या. गेली कित्येक वर्षं तो ओरडून सांगत होता, की एका कंपनीच्या वळचणीला आपलं सगळं बिऱ्हाड ठेवू नका. आणि माणसाला आपलं भाकीत खरं ठरल्याचा आनंद असा असतो, की घर जळत असलं तरी तो क्षणभर थांबून ‘सांगितलं नव्हतं मी?’ म्हणून घेतो.

मंडळाच्या सभाघरात अध्यक्षीणबाई हेम्पेल लालबुंद होऊन उभ्या होत्या.

“माझा भोपळा! माझ्या भोपळ्याच्या फोटोमुळे पान बंद केलं त्यांनी! म्हणे अश्लील! प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतलेला भोपळा, आणि त्या मेल्यांच्या यंत्राला तो... तो म्हणजे... मला शब्द उच्चारवत नाही.”

“कुल्ले,” कोपऱ्यातून क्रेच्मार शांतपणे म्हणाला. “मला तो पहिल्यापासून तसाच वाटायचा.”

हा क्रेच्मार विंकलरचा कुंपणशेजारी. एकेकाळी रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही.

कंपनीकडे दाद मागून झाली होती. उत्तरही आलं होतं: ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ एवढंच. पानाबरोबर सगळ्या सणासमारंभांचे फोटोही गेले. सगळ्यात वाईट झालं ते कुनाथआजींचं. आजींच्या दिवंगत नवऱ्याचा, हेल्मुटचा, खळखळून हसतानाचा एकच फोटो होता आणि तो त्या पानावर होता. बाकी सगळ्या फोटोंत तो पासपोर्ट काढायला बसल्यासारखा दिसायचा. आजी मांडीवरची पर्स उघडत होत्या, मिटत होत्या.

ते बघून विंकलर उठला. जन्मभर सरकारी भूमापन कार्यालयात लोकांच्या हद्दी मोजत आलेला माणूस. भाषण करायची सवय नव्हती. पण अर्ध्या दाढीचा चेहरा सभेकडे वळवून तो म्हणाला, “मित्रहो, आता पुन्हा मालकाच्या दारात जायचं नाही. एक बिनमालकाचं जाळं आहे. मी तिथे केव्हापासून आहे.”

हे खरं होतं. विंकलरला शेवाळाचा नाद होता. दगडावरचं, झाडावरचं, छपरावरचं, कसलंही शेवाळ. त्या जाळ्यावर त्याच्यासारखेच शेवाळवेडे त्याला भेटले होते. रोज सकाळी एकमेकांना ओल्या दगडांचे फोटो पाठवून ही मंडळी तृप्त होत.

“तिथे हजारो छोटे सर्व्हर आहेत,” तो सांगू लागला. “प्रत्येकाचा कारभारी वेगळा, नियम वेगळे. पण सगळे एकमेकांशी बोलतात. टपालासारखं. तुमचं पोस्ट ऑफिस कुठलंही असो, पत्र पोचतंच.”

“मग आम्ही कुठल्या पोस्टात जायचं?” हेम्पेलबाईंनी विचारलं.

“कुठल्याही!”

“कुठल्याही म्हणजे कुठल्या?”

“तुम्हाला आवडेल त्या. तेच तर स्वातंत्र्य!”

विंकलरला वाटलं, आता टाळ्या पडतील. सभाघरात नुसत्या खुर्च्या करकरल्या. कुनाथआजींचं अर्धं आयुष्य पूर्व जर्मनीच्या अशा राजवटीत गेलं होतं, जिथे दुकानात लोणी एकाच जातीचं असायचं आणि तेही असलं तर. त्यांनी हळूच विचारलं, “हजारो? बाई गं. आणि चुकीचा निवडला तर?”

“चुकीचा असा नसतोच आजी.”

“असं आम्हाला पूर्वीही सांगायचे,” आजी म्हणाल्या.

पुढच्या सभेत निकाल कळला आणि विंकलर पहिल्यांदा सर्द झाला. अर्ध्याअधिक लोकांनी काहीच निवडलं नव्हतं. यादी बघून बघून त्यांचे डोळे शिणले आणि ते झोपायला गेले. दोन जोडप्यांत भांडणं झाली होती. हेम्पेलबाई एका पोर्तुगीज कोळ्यांच्या सर्व्हरवर जाऊन पोचल्या होत्या. माणसं फार सभ्य, रोज ‘सुप्रभात’ म्हणायची आणि माशाच्या पाककृती पाठवायची. पण बागेबद्दल कुणाला काही सांगायची सोय नाही. क्रेच्मारने एका प्रतिष्ठित सर्व्हरकडे अर्ज केला होता. ‘आपल्याला इथे का यायचं आहे?’ या प्रश्नापुढे त्याने लिहिलं, ‘तुम्हाला काय करायचंय?’ अर्ज नाकारला गेला. तो नकार त्याने छापून आणला होता आणि सगळ्यांना अभिमानाने दाखवत होता.

“आजी, तुमचं?”

“माझं झालं की! ‘कोंबड्यांचं घर’ असं नाव होतं. मला कोंबड्या आवडतात, म्हणून गेले आत. पण तिथे सगळ्या कोंबड्याच आहेत हो! माणसासारखं कुणी बोलतच नाही. मी विचारलं, अंडी पातळ कवचाची होतायत, काय करू? तर सगळे म्हणाले, पकाक.”

विंकलरच्या तोंडाचा आ मिटेना. जाळ्यावर असे चक्रम सर्व्हर असतात हे त्याला ऐकून माहीत होतं. पण आपल्या शिफारशीवरून एक वयोवृद्ध बाई त्यात जाऊन पडेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“आजी, ताबडतोब बाहेर पडा!”

“का बरं? छान आहेत. दुसऱ्या दिवशी मीही पकाक म्हणाले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!”

घरी आल्यावर विंकलरने बायकोला सगळं सांगितलं. हायड्रून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलून ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ विचारण्यात तिची हयात गेली होती.

“गिऱ्हाइकासमोर सगळ्या फ्रेमी एकदम मांडल्या ना, की ते ‘विचार करून येतो’ म्हणतं आणि परत येत नाही,” ती म्हणाली. “एक दे हातात. चढव नाकावर. मग बघ.”

“अगं, पण एकच सर्व्हर म्हणजे पुन्हा एकच मालक! मग त्या कंपनीत आणि माझ्यात फरक काय?”

“फरक हा, की तुला कुणी घाबरत नाही.”

हे वाक्य विंकलरला लागलं. पण लागलेली वाक्यंच माणसाला कामाला लावतात. त्याने तळघरात, आलुबुखाराच्या मुरंब्याच्या बरण्यांशेजारी, एक छोटा संगणक बसवला आणि ‘पहाटदव’ नावाचा सर्व्हर उभा केला. आपलं जुनं शेवाळाचं खातंही त्याने तिथेच हलवलं. त्या खटपटीत त्याने दोनदा घराचे दिवे घालवले आणि एक बरणी फोडली. फुटलेल्या बरणीबद्दल हायड्रून काय म्हणाली ते इथे देण्याची गरज नाही.

मग एका रविवारी सभाघरात कॉफी आणि आयरशेके नावाचा केक ठेवून त्याने सगळ्यांना रांगेत बसवलं. निवड नाही, यादी नाही, प्रश्न नाहीत. नाव सांगा, परवलीचा शब्द ठरवा, केक घ्या. केकची ताटं संपेपर्यंत सगळं मंडळ जाळ्यावर होतं! क्रेच्मारसुद्धा. एकट्या कुनाथआजी आपला सर्व्हर सोडायला तयार होईनात.

“माझी माणसं तिकडे आहेत,” त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, “म्हणजे, कोंबड्या.”

त्या संध्याकाळी विंकलर घरभर शीळ घालत हिंडला. मनात एक बारीक कुसळ होतं, की हजार दारांचा पुकारा करून आपण शेवटी एकच दार उघडलं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवली. पण हेम्पेलबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती, आणि थोपटलेल्या पाठीला कुसळ कुठून जाणवणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन त्याने कारभाऱ्याचं पान उघडलं आणि तो खुर्चीत मागे कोसळला. मंडळाला ‘तक्रार करा’ हे बटण सापडलं होतं.

हे बटण कुणी शिवीगाळ केली, फसवलं, तर कारभाऱ्याला कळावं म्हणून असतं. ‘पहाटदव’च्या सभासदांना मात्र ते आपल्यासाठीच घडवल्यासारखं वाटलं. वर्षानुवर्षं कुंपणापाशी ओठ घट्ट मिटून गिळलेलं सगळं त्या बटणातून भळाभळा वाहू लागलं. अमक्याचं कुंपण नियमापेक्षा हातभर उंच आहे. तमका दुपारच्या शांततेच्या वेळी गवत कापतो, आणि विचारलं तर म्हणतो घड्याळ बंद पडलं. अमकीच्या ग्रिलचा धूर माझ्या चादरींवर. एका बुटक्या मातीच्या पुतळ्याची चड्डी खाली आहे आणि त्याची पाठ मुद्दाम माझ्या खिडकीकडे केली आहे, सोबत फोटो. फोटो खरोखरच सोबत होता.

विंकलर हादरून गेला. ही तीच माणसं! काल हसतहसत केक खात होती!

“उत्तरं दे त्यांना,” हायड्रून म्हणाली.

“काय उत्तर देऊ? मी काय न्यायाधीश आहे?”

“एकच सर्व्हर म्हणजे एकच दार ना? मग बेल तुझ्याच घरी वाजणार.”

पहिले काही दिवस त्याने प्रामाणिकपणे न्यायदान केलं. मोजपट्टी घेऊन कुंपणं मोजली. त्या पुतळ्याला तिरकं फिरवण्याचा तोडगा काढला. त्यावर आता तो ज्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला, त्यांची तक्रार आली. शेवटी शेवटी विंकलर तक्रारी न वाचताच ‘निकाली’ असं दाबू लागला. आणि तिथेच घात झाला.

क्रेच्मारचं कुनाथआजींच्या कोंबड्याशी वैर होतं. मंडळाच्या नियमांत कोंबडी चालते, कोंबडा चालत नाही. आजींचं म्हणणं, विकणाऱ्याने मला तो कोंबडी म्हणूनच विकला; पुढे तो कोंबडा निघाला यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? हा बिचारा रोज पहाटे क्रेच्मारच्या बागेतल्या खोपटाच्या खिडकीखाली येऊन बांग द्यायचा. आजींनी त्याच्या बांगेची चित्रफीत आपल्या सर्व्हरवर टाकली आणि क्रेच्मारने ती पाहिली. त्याने तक्रार लिहिली: ‘या कोंबड्याची मान एकदा मुरगळली पाहिजे. नाहीतर मी मुरगळीन.’ खाली एक चौकोन होता: ‘समोरच्या सर्व्हरच्या कारभाऱ्यालाही प्रत पाठवा.’ क्रेच्मार दिसेल त्या चौकोनात तत्त्वाने खूण करतो. त्याने केली. अशी प्रत जाते तेव्हा त्यावर माणसाचं नाव नसतं, फक्त सर्व्हरचं असतं. नाव गेलं ‘पहाटदव’चं.

विंकलरने ती तक्रार न वाचता निकाली काढली आणि मुरंबा लावून पाव खाल्ला.

त्यानंतर जाळ्यावर एक विचित्र शांतता पसरली. शेवाळमंडळींचे फोटो यायचे बंद झाले. विंकलरने स्वतःची समजूत काढली, वसंत ऋतू आहे, सगळे ओढ्याकाठी गेले असतील. मे महिन्यातल्या रोपांच्या अदलाबदलीचं आमंत्रण त्याने आसपासच्या सगळ्या बागमंडळांना जाळ्यावरून धाडलं. दरवर्षी कागद चिकटवायचे, यंदा ते बंद. ही कल्पनाही त्याचीच. एकाचंही उत्तर आलं नाही. “आपली सॅक्सनीची माणसं,” तो हायड्रूनला म्हणाला, “बोलत नाहीत, पण येतात.”

तो दिवस उजाडला. टेबलांवर टोमॅटो, काकडी, मिरची यांची रोपं ओळीने मांडलेली. केक इतके, की माश्यासुद्धा गोंधळल्या. हेम्पेलबाई नवा झगा घालून फाटकाशी उभ्या. घड्याळ पुढे सरकत होतं आणि फाटकातून वाराही आत येत नव्हता.

“विंकलरसाहेब,” हेम्पेलबाई म्हणाल्या, “आमंत्रणं गेली होती ना?”

“गेली होती.”

“कुठे?”

विंकलरने टोमॅटोची रोपं पुन्हा सरळ लावली. पंचवीस माणसं आपल्याकडे बघताहेत आणि एकही बोलत नाही, हा अनुभव ज्याने घेतलाय त्यालाच त्याची चव कळेल. तेवढ्यात ट्रॅमच्या थांब्याकडून घोळका येताना दिसला. मोठाच्या मोठा घोळका. हेम्पेलबाईंचा चेहरा उजळला. घोळका जवळ आला तसा त्यातून एक आवाज यायला लागला.

“पकाक! पकाक-पकाक!”

डोक्यावर लाल कागदी तुरे लावलेली, पाठीवर पिशव्या घेतलेली, चांगली वयाने वाढलेली माणसं फाटकातून आत शिरली. हेम्पेलबाईंनी टेबलाचा आधार घेतला. कुनाथआजी मात्र हात पसरून पुढे धावल्या. “आली गं बाई! आमच्याकडची आली!”

आजींनी आपल्या सर्व्हरवर तारीख, पत्ता आणि एवढंच लिहिलं होतं: ‘आमच्याकडे केक आहे. पकाक.’ आणि हॅम्बुर्गपासून म्युनिकपर्यंतची कोंबडीमंडळी आगगाड्या बदलत येऊन थडकली होती. त्यांच्या पुढे एक दांडगा, दाढीवाला माणूस होता. त्याने खिशातून तुरा काढून नीट बसवला आणि विचारलं, “‘पहाटदव’चा कारभारी कोण?”

“मी,” विंकलर म्हणाला. “विंकलर.”

“मी ब्रुंक. रोस्टोकहून. ‘कोंबड्यांचं घर’ मी चालवतो.” त्याचा आवाज थंड झाला. “म्हणजे माझ्या सभासदाची मान मुरगळायची धमकी देणारे तुम्हीच.”

“मी? मान? कुणाची?”

ब्रुंकने फोन पुढे धरला. विंकलरने वाचलं. पुन्हा वाचलं. ब्रुंक सांगत होता, की आमच्याकडे सगळेच कोंबडे आणि कोंबड्या. आम्हाला काय कळणार हा खराखुरा कोंबडा आहे? सभासदाला जिवे मारायची धमकी आली, मी तुमचा सर्व्हर ब्लॉक केला. कारण लिहिलं: खुनाची धमकी. ते पाहून इतरांनी केला. त्यांचं पाहून आणखी इतरांनी.

“मला कुणी विचारलंसुद्धा नाही?”

“मी विचारलं होतं. तुम्ही ‘निकाली’ म्हणून उत्तर दिलंत.”

विंकलर मटकन केकच्या टेबलापाशी बसला. शेवाळमंडळी ओढ्याकाठी गेलेली नव्हती तर. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर ओल्या दगडांचं सुखदुःख वाटून घेतलं, ते सगळे आपल्याला खुनी समजत होते! जन्मात कधी चुकीच्या जागी गाडी न लावलेल्या माणसाला हा धक्का फार मोठा होता. आणि एकट्याचंच नाव गेलं असतं तर गोष्ट वेगळी. त्याच्या एका दाबलेल्या बटणापायी सगळं मंडळ वाळीत पडलं होतं. हेम्पेलबाई, त्यांचा भोपळा, सगळे. त्या कंपनीने निदान कारण तरी कळवलं होतं.

“ते मी लिहिलं,” मागून आवाज आला. क्रेच्मार उभा होता. “यांचा काही संबंध नाही. कोंबड्याबद्दलच होतं. आणि तो खरंच नालायक आहे.”

कुनाथआजींनी वळून त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही माझ्या एर्विनची मान मुरगळणार होतात?”

कोंबड्याचं नाव एर्विन आहे, हे क्रेच्मारला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नाव कळलं की वैर जरा अवघड होतं. त्याने बुटाच्या टोकाने माती उकरली, खिशातून फोन काढला आणि आजींच्या पुढे धरला. “हे... माझ्याकडे होतं. जुन्या पानावरून उतरवून ठेवलेलं.”

फोटोत हेल्मुट कुनाथ डोकं मागे टाकून हसत होता. आजींनी फोन दोन्ही हातांत घेतला.

“तुम्ही का ठेवला होता हो हा?” त्यांनी विचारलं.

“मागे कुंपण दिसतंय बघा,” क्रेच्मार पडेल आवाजात म्हणाला. “बेकायदा उंची. पुरावा म्हणून ठेवला होता.”

आजी हसायला लागल्या. हसता हसता रडल्या आणि मग ब्रुंकच्या तुऱ्याने डोळे पुसले. ब्रुंकने तिथल्या तिथे फोनवर ब्लॉक उठवला आणि चार ठिकाणी चूक झाल्याचं लिहून टाकलं. मग तो केक घेऊन विंकलरशेजारी बसला. हा माणूस मुळात करखात्यातला बडा अधिकारी निघाला. विंकलर पुन्हा अवाक झाला, पण आता त्याला सवय होत चालली होती.

“सगळ्यांना आत कसं घेतलंत तुम्ही? आमच्याकडे नवखी माणसं दारातूनच परत जातात.”

“केक देऊन,” विंकलर खिन्नपणे म्हणाला. “पण चूकच झाली. आधी हजार दारं दाखवली, कुणी येईना. मग एक दाखवलं, तर मीच मालक होऊन बसलो.”

“एक दार दाखवलंत ते बरोबरच केलंत,” ब्रुंक म्हणाला. “पण पुढचं सांगितलंत का? की इथून सामानसुमान, मित्रमंडळी घेऊन दुसरीकडे राहायला जाता येतं?”

“नाही.”

“का?”

विंकलर ताटलीतले केकचे कण गोळा करत राहिला. कारण त्याला ठाऊक होतं. पाठ थोपटून घ्यायला कुणीतरी उरायला नको का?

संध्याकाळपर्यंत सगळी रोपं गेली, केक संपले. हेम्पेलबाई तुरा घालून पाहुण्यांतल्या एका दंतवैद्याला भोपळ्याचं बी देत होत्या. जाताना सगळी मंडळी एर्विनला भेटून गेली. त्याने एकालाही टोचलं नाही, फक्त क्रेच्मारला टोचलं.

पुढच्याच सभेत विंकलरने जड मनाने पण सरळपणे सगळ्यांना शिकवलं: खातं दुसऱ्या सर्व्हरवर कसं हलवायचं, मंडळी बरोबर कशी न्यायची, फोटोंची प्रत आधी कशी काढून ठेवायची. त्याला वाटलं होतं, एखाददुसरा हौशी जाईल. पण आता लोकांना जाळं कळलं होतं, ओळखी झाल्या होत्या. निवडायची धास्ती उरली नव्हती. हेम्पेलबाई मोठ्या भाज्या पिकवणाऱ्यांच्या सर्व्हरवर गेल्या. मातीच्या पुतळ्याची मालकीण कुंभारांकडे. कुणी मधमाश्यांकडे, कुणी जुन्या ट्रॅमकडे. निम्मे तर कोंबड्याच झाले. सगळे जाताना ‘आभारी आहोत विंकलरसाहेब’ म्हणत होते, आणि प्रत्येक आभारागणिक विंकलरचा चेहरा लांब होत होता. हेच तर हवं होतं त्याला! याचसाठी अर्ध्या दाढीने भाषण केलं होतं! तरीही एका रविवारी सभासदांचं पान उघडून हायड्रूनचंही नाव गेलेलं पाहिल्यावर तो थेट स्वयंपाकघरात गेला.

“तू? तूसुद्धा?”

“विणकामवाल्यांकडे,” ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. “तिथून तू दिसतोस की मला. रोज.”

“पण एका घरात राहून...”

“एका घरात राहतो तेवढं पुरे आहे, फोल्कमार.”

विंकलर तळघरात गेला. संगणकाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. एवढ्या रिकाम्या सर्व्हरला वीज तरी का घालायची? मन खट्टू झाल्यामुळे तो बरेच दिवस जाळ्याकडे फिरकला नव्हता. शेवाळ नाही, सुप्रभात नाही, काही नाही. बंद करायला हात पुढे केला आणि मग, शेवटचं म्हणून, त्याने कारभाऱ्याचं पान उघडलं.

कारभारी सोडून सभासद एक. क्रेच्मार.

विंकलरने पुढे केलेला हात मागे घेतला. मग तडक उठून सायकलने बागेत गेला. कुंपणापलीकडे क्रेच्मार मुळ्यांना पाणी घालत होता.

“क्रेच्मार, तुम्ही का नाही गेलात?”

“कुठे जाऊ?” क्रेच्मार वर न बघता म्हणाला. “दुसरीकडे तक्रार केली की कुठल्या तरी हॉलंडमधल्या माणसाकडे जाते. त्याला काय कळतंय आमचं? इथे निदान कुंपणावरून ओरडता येतं.” मग झारी खाली ठेवून म्हणाला, “आणि माझ्या कालच्या तक्रारीचं काय केलंत? वाचलीत, का दिलीत परत निकाली काढून?”

विंकलरने तिथेच उभ्याउभ्या फोन काढला. तक्रार होती. कुणाविरुद्ध, तर फोल्कमार विंकलर, कारभारी, ‘पहाटदव’.

‘सदर इसमाने बरेच दिवस काहीही लिहिलेलं नाही. शेवाळसुद्धा नाही. जिवंत आहे का, कुणीतरी जाऊन बघावं.’

विंकलरने ती दोनदा वाचली. मग त्याने वाकून कुंपणाच्या खांबावरच्या हिरव्या शेवाळाचा फोटो काढला आणि पाठवला. पलीकडे क्रेच्मारच्या खिशात टिंग वाजलं. क्रेच्मारने हात विजारीला पुसले, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ निरखून पाहिला.

“खांब तिरका आहे,” तो म्हणाला.